मुलगी तिकडे निवडणूक लढवते म्हणते, काय सांगू तिला?

प्रश्न : माझी मुलगी गेल्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये पब्लिक हेल्थचं एक वर्षाचं मास्टर्स करते आहे. बँकेचं २२ लाखांचं कर्ज आहे. परवा फोनवर म्हणाली, ‘आई, मी स्टुडंट्स युनियनच्या अध्यक्षपदाला उभी राहतेय.’ निवडून आली तर कोर्सनंतर वर्षभर तेच काम करायचं, पगारही मिळतो म्हणते. तिचे बाबा भडकले. ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला पाठवलंय का तुला?’ असं बोलून गेले. त्यांनी कॉलेजात निवडणुकीपायी डोकी फुटलेली पाहिली आहेत. दोन दिवस बापलेकीचं बोलणं नाही. फॉर्म भरायची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. तिचं वर्ष वाया जाईल का? – एक आई, नाशिक

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी भाकऱ्यांचं बोलू, कारण घरातलं भांडण तिथेच अडलंय.

इंग्लंडमध्ये हे पद म्हणजे अभ्यास सांभाळून फावल्या वेळात करायची पुढारीगिरी नव्हे. वर्षभराची, पूर्ण वेळाची, पगारी नोकरी आहे ती. ‘सॅबॅटिकल ऑफिसर’ म्हणतात. तिथल्या १९९४ च्या शिक्षण कायद्यात या निवडणुकीबद्दल लिहिलेलं आहे : मतदान गुप्त पद्धतीने, मताचा हक्क युनियनच्या सगळ्या सभासदांना, आणि अशा पगारी पदावर कुणालाही एकूण दोन वर्षांहून जास्त राहता येत नाही. पगार विद्यापीठागणिक बदलतो आणि पदाच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. तो तिच्याकडून मागवून घ्या. अंदाजासाठी सांगतो, एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात तिथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याला ३५ तास धरले तर वर्षाला साधारण २२,२०० पौंड होतात. पुष्कळ ठिकाणी याहून जास्त देतात.

आता तिच्या बाबांची भीती. ती उगाच नाही, आणि ‘तुमच्या वेळचं सोडा’ असं तिने त्यांना म्हणू नये. मुंबईत १९८९ मध्ये कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता. पुढे महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने आपल्याकडच्या थेट निवडणुकाच बंद केल्या आणि वर्गात पहिला आलेला तो प्रतिनिधी, अशी पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलंही होतं, पण विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या आणि मग कोरोना आला. म्हणजे तिच्या बाबांनी पाहिली ती डोकी फुटलेली निवडणूक, आणि तुमच्या लेकीने इथे शिकताना निवडणूक पाहिलीच नाही. दोघं एकच शब्द वापरतात, पण दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी चित्रं आहेत.

मग हे काम असतं तरी काय? माझ्याकडे मार्गदर्शनाला येणारी कोल्हापूरकडची एक मुलगी काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका युनियनमध्ये अशाच पदावर होती. तिने सांगितलेला एक प्रसंग तुम्हाला सांगतो.

आपल्याच देशातला एक मुलगा तिच्या केबिनबाहेर सकाळी नऊपासून बसला होता. हातात विद्यापीठाचं पत्र. असाइनमेंटमध्ये चोरी केल्याचा आरोप, आठ दिवसांनी चौकशी. त्याने पुस्तकांतले परिच्छेद जसेच्या तसे उतरवले होते, शेवटी पुस्तकांची यादीही दिली होती, पण अवतरणचिन्हं नव्हती. आपल्याकडे जर्नल पूर्ण करताना असंच तर करतो आपण! त्याला वाटलं, आता व्हिसा जाणार, वडिलांची जमीन गहाण आहे ती जाणार. तिने त्याला पॅन्ट्रीत नेऊन चहा करून दिला, कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, ‘रडून झालं की फक्त तारखा लिही. व्हिसा कधी मिळाला, विमान कधीचं होतं, पहिलं लेक्चर कधी बसलास.’ त्या तारखांतून कळलं की व्हिसा उशिरा आल्यामुळे तो पोचला तेव्हा संदर्भ कसे द्यायचे हे शिकवणारं सत्र होऊन गेलं होतं. चौकशीच्या दिवशी ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. खोटं काही बोलायचं नव्हतं, चूक तर झालीच होती. पहिलीच वेळ आहे आणि हे शिकवलं तेव्हा हा इथे नव्हता, एवढंच त्याला मांडायला लावलं. त्याला असाइनमेंट पुन्हा लिहायला मिळाली, गुण मात्र पासापुरतेच.

इथपर्यंत झाला कैवार. अडल्यानडल्याला मदत करणारी माणसं आपल्याकडेही खूप असतात. मला मोल वाटतं ते तिने पुढे केलं त्याचं. त्या टर्ममध्ये अशी पत्रं कुणाकुणाला गेली हे तिने विद्यापीठाकडे नावं वगळून मागितलं. उशिरा आलेल्यांचाच त्यात भरणा होता. मग तिने दोन पानांचा कागद तयार करून अभ्यास समितीपुढे ठेवला : हे सत्र तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घ्या. पहिल्या बैठकीत ‘बघू’, दुसऱ्या बैठकीत ‘शिक्षक कुठून आणायचे’. नोव्हेंबरमध्ये दिलेला कागद मार्चमध्ये मंजूर झाला. पाच महिने, एका तासाच्या वर्गासाठी. एका पोराचं गाऱ्हाणं ऐकून त्यातला नियम शोधायचा आणि तो नियम बदलेपर्यंत कागद सोडायचा नाही, हे या पदाचं खरं काम. भाषणं त्यात फार थोडी.

तुमच्या लेकीच्या वाट्याला येतील ती दुखणीही बहुतेक अशीच असतील. फीचा हप्ता चुकला म्हणून अडलेला निकाल. आजारपणात वेळेवर न भरलेला सवलतीचा फॉर्म. घरमालकाने दाबून ठेवलेलं डिपॉझिट. विद्यापीठाच्या आतले सगळे दरवाजे ठोठावून झाले की इंग्लंड आणि वेल्समधल्या विद्यार्थ्याला एका स्वतंत्र तक्रार निवारण कार्यालयाकडे बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क दाद मागता येते, पण त्यासाठी विद्यापीठाकडून ‘आमची प्रक्रिया संपली’ असं पत्र आधी घ्यावं लागतं. कितीतरी पोरांना हे पत्र मागायचं असतं हेच ठाऊक नसतं. बहुतेक युनियनमध्ये अशा कामासाठी पगारी सल्लागार असतात, तरी पोरं आधी ओळखीच्या चेहऱ्याकडेच येतात.

आणि जबाबदारी लहान नाही, ताई. युनियन ही तिकडे बहुधा धर्मादाय संस्था असते आणि अध्यक्ष तिच्या विश्वस्तांपैकी एक. हिशेबपत्रकं वाचून प्रश्न विचारावे लागतात. विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळातही सहसा अध्यक्षाची खुर्ची असते. तेवीस-चोवीसच्या वयात कुलगुरूंसमोर बसून ‘हे मला पटलेलं नाही, कारण असं’ हे आवाज न चढवता सांगायला शिकणं, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आता पैसा आणि व्हिसा. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

२२ लाखांवर साडेदहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला सव्वाएकोणीस हजार नुसतं व्याज चढतं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स अधिक एक वर्ष झाल्यावर सुरू होतो, म्हणजे तिचं पदाचं वर्ष त्या सवलतीच्या काळातच जाईल. पण काही बँकांच्या मंजुरीपत्रात ‘नोकरी लागल्यापासून’ अशीही अट असते, आणि हे पद पगारी आहे. तेव्हा कपाटातलं मंजुरीपत्र आजच काढा आणि ते कलम शाखेत जाऊन विचारा. लेकीशी मात्र एक गोष्ट ठरवून टाका : निवडून आली तर पहिल्या पगारापासून दरमहा व्याज ती भरेल. भाडं आणि खाणंपिणं भागवून तेवढं काढता येईल, ओढाताण होईल. तिने हे मान्य केलं तर तिच्या बाबांचा अर्धा राग तिथेच उतरेल.

या पदासाठी स्टुडंट व्हिसावरच तिकडे राहता येतं, मात्र मुदत वाढवून घ्यावी लागते. त्या मुदतवाढीची फी आणि व्हिसासोबत भरायचा वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार कोण भरणार, ती की युनियन, हे फॉर्म भरण्याआधी विचारायचं. त्यानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षण झाल्यावर तिथे राहून नोकरी शोधायची आणि करायची परवानगी, हा कळीचा मुद्दा. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर तो दोन वर्षांचा मिळतो, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठराच महिने. कोर्स संपल्यावर लगेच अर्ज केला तर तिला दोन वर्षं मिळतील. आधी पदाचं वर्ष केलं आणि २०२७ मध्ये अर्ज केला, तर पदाचं एक वर्ष आणि पुढे दीड. एकूण मुक्काम सहा महिन्यांनी वाढतो, पण खुल्या नोकरीच्या शोधाचा काळ सहा महिन्यांनी घटतो. पब्लिक हेल्थमध्ये तिकडे व्हिसा देणारी नोकरी शोधायला वेळ लागतो, म्हणून ते सहा महिने हलके समजू नका. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी सल्ला विभागाकडून हे सगळं तिने ईमेलवर लेखी घ्यावं. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नये.

तिच्या लक्षात आलं नसेल असं आणखी एक. हे पद बहुधा जून-जुलैमध्ये सुरू होतं, आणि एक वर्षाच्या मास्टर्सचा प्रबंध ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यायचा असतो. म्हणजे दोन महिने दिवसा ऑफिस आणि रात्री प्रबंध. मी वर जिच्याबद्दल सांगितलं ती मुलगी तिथेच सर्वांत जास्त थकली होती. प्रबंधाचा विषय आणि माहिती गोळा करायचं काम मेअखेर हातावेगळं होणार नसेल, तर मी तिला उभं राहू नको असंच सांगेन. डिग्री राहिली तर बाकी कशाला अर्थ नाही.

नोकरी देणारा काय म्हणेल, असं तुमच्या मनात असेलच. ती सॉफ्टवेअरमध्ये असती आणि हातात ऑफर असती, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तिचा विषय पब्लिक हेल्थ आहे. या क्षेत्रातलं निम्मं काम समित्या, अंदाजपत्रकं आणि न ऐकणाऱ्या माणसांना ऐकवणं हेच असतं. आरोग्य खातं, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठांची प्रशासनं, सगळीकडे हा अनुभव उपयोगी पडतो. भारतात परतली तर मात्र ‘सॅबॅटिकल ऑफिसर’ म्हणजे काय हे मुलाखत घेणाऱ्यांना माहीत नसेल. तिने बायोडेटात पदनामाखाली दोन ओळी लिहाव्यात : कोणता नियम बदलला आणि त्याचा किती विद्यार्थ्यांना उपयोग झाला.

प्रचाराबद्दल थोडंच सांगतो. २०२१ मध्ये ऑक्सफर्डला निवडून आलेल्या एका भारतीय विद्यार्थिनीला जुन्या सोशल मीडिया पोस्टवरून काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला होता. तुमच्या लेकीने आपली जुनी खाती आत्ताच नीट पाहून घ्यावीत. आणि हरण्याची तयारी ठेवावी. उभे राहिलेल्यांपैकी एकच निवडून येतो, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी लेक्चरला जावंच लागतं.

ताई, तिला एकच प्रश्न विचारा, आणि तो उलटतपासणीसारखा विचारू नका. ‘तुला तिथे नेमकं काय बदलायचंय?’ ‘लीडरशिप’, ‘नेटवर्किंग’, ‘सीव्हीला चांगलं’ असं उत्तर आलं तर ती अजून तयार नाही. वर्ग प्रतिनिधी होऊन उरलेल्या महिन्यांत बैठकांची मिनिट्स लिहिणंही तिला खूप शिकवेल. पण ती जर म्हणाली, ‘आई, आमच्या वर्गातल्या तिघींना गॅरंटर नाही म्हणून घर मिळालं नव्हतं, एक महिनाभर मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपत होती,’ आणि ते सांगताना तिचा आवाज बदलला, तर तिला थांबवू नका.

हिवाळ्यात त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. रविवारी रात्री आठला फोन लावा, म्हणजे तिचं दुपारचं जेवण झालेलं असेल. मंजुरीपत्र समोर ठेवा, आणि तिच्या बाबांना शेजारी बसवा. पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.