पिंजऱ्याचं दार उघडंच आहे

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, नाव छापू नका, पानठेल्यावर पोट्टे आधीच लय चिडवून राहिले. आमच्याकडं पोपट होता, मिठ्ठूच म्हणत होतो, सगळेच म्हणतात तसं. चार वर्षांआधी मार्चात गारपीट झाली तवा वावरातल्या कडुलिंबाची फांदी मोडली अन ढोलीतलं पिल्लू खाली पडलं, धड पंख पण नव्हते फुटले. उपरण्यात गुंडाळून घरी आणलं, भिजवलेली डाळ चिमटीनं भरवली अन ते जगलं. तवापासून छपरीत पिंजरा. माया पोट्टा आता सहा वर्षांचा, दोघं संगच वाढले म्हणा ना. शाळेतून आला का पहिले मिठ्ठूशी बोलणं अन मंग दप्तर काढणं.

नवरात्रात एका संध्याकाळी पऱ्हाटीवर फवारा मारून आलो, थकलो होतो, पंप छपरीतच धुतला. पिंजरा वरतीच टांगेल होता. रात्री मिठ्ठूनं मिरची खाल्ली, बोलला पण. पहाटे पाचला पाहतो तं खाली पडून, थंडागार. पोट्टा उठायच्या आत जुन्या शेल्यात बांधून त्याच कडुलिंबाखाली गाडून आलो अन पोट्ट्याले सांगतलं का दार उघडं राहिलं, मिठ्ठू उडून गेला, आपल्या मायबापाकडं गेला.

दीड महिना झाला. पोट्टा रोज पिंजऱ्याचं दार उघडं ठेवते, आत मिरची अन डाळ ठेवते, त्याले मुंग्या लागतात, मी रात्री फेकतो, सकाळी तो पुन्हा ठेवते. सांजच्याले पोपटाचा थवा जाते तं अंगणात उभा राहून मिठ्ठू ये रे, मिठ्ठू ये रे करत बोंबलते अन थवा निघून गेला का मले विचारते, बाबा, त्याले माया आवाज नाही आला काय. बायको म्हणते खरं सांगून टाका, माय म्हणते काही सांगू नको, लेकरू विसरते. मले सांगा, पंपामुळं मीच मारला काय त्याले? पोट्ट्याले काय सांगू? अन बाजारात एकजण पोपटाचं पिल्लू पाचशेले देतो म्हणते, आणून टाकू काय?

उत्तर : भाऊ, पहिले पोराचं बोलू, पंपाचं मागून.

तुम्ही त्याला रडू येऊ नये म्हणून खोटं बोललात हे कळतंय, आपल्याकडं सगळेच असं करतात, पण यात एक गोष्ट तुमच्या लक्षात नाही आली. मिठ्ठू मेला असता तर पोरगा चार दिवस रडला असता. आता मिठ्ठू त्याला सोडून गेलाय, स्वतःच्या मर्जीनं, आणि रोज हाक मारली तरी फिरून बघत नाहीये. सहा वर्षांच्या लेकरानं याचा काय अर्थ लावायचा? एक तर मिठ्ठूला मी आवडत नव्हतो, नाही तर दार माझ्याच हातून उघडं राहिलं. दुसरी शंका तर फारच वाईट, पोरं असलं बोलून दाखवत नाहीत.

मी सात वर्षांची असताना आमच्या घरचं बकरीचं पिल्लू असंच "मामाकडे दिलं" होतं. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेले तर गावातला एकूण एक गोठा पाहिला मी, चार दिवस. मामाला माहीतच नव्हतं की त्याच्याकडे पिल्लू आहे! तो हसला आणि मला कळलं. पिल्लाचं दुःख कधीच गेलं, मामा हसला ते मात्र आजही आठवतं. म्हणून तुमच्या आईचं "लेकरू विसरते" मला पटत नाही, त्यांच्याशी भांडू नका मात्र, त्याही नातवाच्या मायेनंच बोलतायत.

तर असं करा. रविवारी सकाळी त्याला गाडीवर पुढं बसवून वावरात न्या, रात्री झोपताना हा विषय काढू नका. कडुलिंबाखाली बसवा आणि सरळ सांगा की मिठ्ठू मेला, मी त्याला इथं ठेवला, तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही म्हणून खोटं बोललो, दार उघडं राहिलंच नव्हतं. हे दाराचं नक्की सांगा. "मेला" हाच शब्द वापरा, झोपला म्हणू नका, नाही तर उद्या आजी दुपारची झोपली तरी पोरगं घाबरेल. देवाघरी गेला म्हटलं तर देवाघरून कधी येते हा पुढचा प्रश्न ठरलेला. मेला म्हणजे काय असं विचारलंच तर सांगा, त्याला आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही, आणि तो परत येत नाही. या वयात हे एका खेपेत डोक्यात बसत नाही, आठवडाभर तेच तेच विचारेल, दरवेळी तेच उत्तर द्या. चिडेल, तुम्हाला मारेलही, मारू द्या. रडला तर तुम्हालाही रडू येईल, ते दाबू नका, बाप रडतो हे त्यानं पाहिलं तर काही बिघडत नाही. घरून निघताना मिरची सोबत घेऊ द्या त्याला, तिथं ठेवू द्या. पिंजरा लगेच काढू नका, कधी काढायचा ते तोच सांगेल.

आता पंप. तुमची काही चूक नाही असं म्हणून मोकळी झाले असते, पण ते खरं ठरणार नाही, आणि तुम्हालाही पटणार नाही. होऊ शकतं भाऊ. पाखराची फुप्फुसं आपल्यासारखी नसतात, अंगात हवेच्या पिशव्या असतात, श्वास घेताना अन सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते, म्हणून उडायला जोर मिळतो आणि म्हणूनच हवेतलं विषही त्याला आपल्या आधी चढतं. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी खाली नेत असत तो याचसाठी, विषारी वायू असला की पक्षी आधी पडायचा आणि माणसं वर पळायची. पऱ्हाटीवर मारतो त्यातली पुष्कळ औषधं पाखरांना तर फारच जहाल. तुम्ही त्याला दिलेली मिरचीही फवारलेल्या वावरातली असू शकते. आणि हेही होऊ शकतं की पंपाचा काही संबंध नाही, तो आधीपासून आतून आजारी होता, किंवा रात्री मांजरानं पिंजऱ्यावर झेप घेतली आणि भीतीनं गेला, पोपट असेही जातात. त्याच दिवशी शवविच्छेदन झालं असतं तर कळलं असतं, दीड महिन्यानं माती उकरून काही हाती लागत नाही. चार वर्षं त्याला जगवणारा हातही तुमचाच होता, पंप धुणारा हात आठवतो तेव्हा हाही आठवा. पोराला पंपाचं सध्या सांगू नका, "कशानं मेला ते माहीत नाही" एवढंच सांगा, ते खरंच आहे.

पण पंप छपरीत धुणं आजपासून बंद म्हणजे बंद. पोरगं तिथंच अभ्यासाला बसत असेल ना? २०१७ च्या हंगामात तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, तुम्हाला मी काय सांगावं. पंप वावरातच धुवायचा, विहीर-नाल्यापासून लांब, फवारणीचे कपडे वेगळे, घरात शिरायच्या आधी आंघोळ.

पानठेल्याचं काय ते सोडा. बैल मेला तर हेच लोक तुमच्या दारात येऊन बसले असते, त्याच्यासाठी रडलात तर कोणी हसलं नसतं, कारण बैल कमावतो आणि पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लागते. मिठ्ठू काही कमावत नव्हता, म्हणून रडायचं नाही? काय हिशेब आहे.

आणि तो पाचशेचा पोपट आणू नका. एक तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपला देशी पोपट पाळणं, विकणं दोन्ही गुन्हा आहे, कैद-दंड होऊ शकतो. तुम्ही पडलेलं पिल्लू वाचवलं ते ठीक, तरी तेव्हाच वनविभागाला कळवायला हवं होतं. बाजारातलं पिल्लू कोणी पडलेलं उचलत नाही, ढोलीत हात घालून ओढून काढतात आणि वाटेत कितीतरी मरतात. दुसरं म्हणजे पोराला तुम्ही नुकतंच सांगणार आहात की मेलेला परत येत नाही, आणि लगेच तसाच हिरवा मिठ्ठू पिंजऱ्यात? त्यापेक्षा टिनावर एक पसरट मातीचं भांडं पाण्याचं ठेवा, धुऱ्यावरची दोन-चार ज्वारीची कणसं बांधून द्या. थवा उतरेल, नाही उतरणार. तो हाक मारेल तर मारू द्या, फक्त आता त्याला माहीत असेल की यात आपला मिठ्ठू नाही.

प्रश्न : हिंगणघाटजवळच्या गावात राहते. लव्हबर्डची जोडी होती, त्यातला नर आदल्या दिवसापर्यंत चांगला होता अन सकाळी मेलेला. मादी आवाजच काढत नाही. मीही घर शांतच ठेवलंय, सकाळचा रेडिओपण लावत नाही. तिला लगेच दुसरा जोडीदार आणू का?

उत्तर : लगेच नको. अंगावर रेघा असलेले छोटे रंगीत असतील तर ते ऑस्ट्रेलियाचे बजी, आपल्याकडं त्यांना लव्हबर्डच म्हणतात, ते पाळायला बंदी नाही. पण पाखरं आजार लपवतात, जंगलात आजारी दिसलं की शिकारी आधी त्यालाच उचलतो, म्हणून "आदल्या दिवसापर्यंत चांगला" वाटला तरी तो असेलच असं नाही. त्याला जे झालं ते मादीलाही असू शकतं. महिनाभर थांबा. ती पिसं फुगवून बसते का, श्वासासोबत शेपूट खालीवर होते का, विष्ठा पातळ आहे का ते बघा, किचनच्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन घ्या, तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाचं तीन-चार ग्रॅम कमी झालं तर ते खूप झालं, सरळ नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना गाठा. पिंजरा धुताना तोंडाला रुमाल, वाळलेली विष्ठा आधी ओली करा मग खरडा. पुढं नवा आणलाच तर तोही महिनाभर वेगळ्या खोलीत. आणि रेडिओ कशाला बंद केला? तिला त्या आवाजाची सवय आहे, उद्या सकाळपासून लावा.