चित्रफीत करून घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने दहा मिनिटांची चित्रफीत करून घ्यायची आहे. तीन छोट्या निर्मिती कंपन्यांकडून दरपत्रके मागवली, तर सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला. कार्यकारिणीतील काहींच्या मते सर्वांत कमी दराला काम द्यावे, तर काहींना स्वस्त दरात काही तरी खोट असणार असे वाटते. निर्णय कसा घ्यावा?
– एका सामाजिक संस्थेच्या सचिव

उत्तर : दरांत तिपटीचा फरक दिसतो, तेव्हा बहुधा तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे दर कळवलेले असतात. आपण त्यांना ‘दहा मिनिटांची चित्रफीत’ एवढेच सांगितले असेल, तर एकाने एक दिवसाचे चित्रीकरण, एक कॅमेरा आणि दोन माणसे धरली असतील; दुसऱ्याने तीन दिवस, दोन कॅमेरे, स्वतंत्र ध्वनिमुद्रक, संहिता लिहिणारा लेखक आणि निवेदकाचा आवाज असे सगळे धरले असेल. चित्रफितीच्या लांबीवरून खर्च ठरत नाही. एका खोलीत बसून घेतलेली दहा मिनिटांची मुलाखत एका सकाळीत उरकते, आणि सहा ठिकाणी फिरून केलेली दोन मिनिटांची फीत दोन आठवडे खाते. चित्रीकरणाचे दिवस, युनिटमधील माणसे, ठिकाणांची संख्या आणि संकलनाला लागणारे दिवस यांवर खर्च ठरतो, आणि दरपत्रकात नेमके हेच वेगवेगळे मांडलेले असायला हवे.

म्हणून तिघांनाही एकच एकपानी टिपण पाठवून नव्याने दर मागवा. फीत कोण पाहणार, सभागृहातील पडद्यावर पाहणार की मोबाइलवर, ती पाहून त्यांनी काय करावे अशी आपली अपेक्षा आहे, कितीजण बोलणार, चित्रीकरण कोठे होणार, जुनी छायाचित्रे कोण देणार आणि फीत कोणत्या तारखेला हवी, हे सगळे त्यात यावे. मोबाइलसाठी उभी आवृत्ती हवी असेल, तर ते पहिल्याच टिपणात लिहावे. कारण १६:९ च्या आडव्या चौकटीतून ९:१६ ची उभी चौकट कापली, तर मूळ चित्राचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो, आणि छायालेखकाला हे आधी ठाऊक असेल, तरच तो माणसांना त्या भागात बसवतो. खर्चाची मर्यादाही स्पष्ट सांगावी, असे माझे ठाम मत आहे. ती लपवल्याने दर कमी येत नाही. समोरचा फक्त अंदाजाने काम आखतो.

कंपनी पारखताना शोरीलवर विसंबू नका. शोरीलमध्ये अनेक वर्षांच्या कामातील सर्वांत देखणे क्षण संगीतावर जुळवलेले असतात. त्यातून माणसाचे बोलणे पाच मिनिटे धरून ठेवण्याची ताकद कळत नाही. आपल्या फितीएवढ्या लांबीच्या दोन पूर्ण चित्रफिती मागा, एकदा नीट पाहा, आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसत्या ऐका. शब्द स्वच्छ कळत नसतील, खोलीचा घुमारा येत असेल, संगीताखाली बोलणे बुडत असेल, तर चित्र कितीही सुंदर असले तरी ती कंपनी बाजूला ठेवा. छोट्या कंपनीत कायमची माणसे दोन-तीनच असतात आणि बाकीची त्या त्या कामापुरती बोलावली जातात. त्यात गैर काही नाही. मात्र ज्याचे काम पाहून आपण भारावलो, तोच छायालेखक आणि तोच संकलक आपल्या कामावर असणार का, हे विचारून घ्या. त्यांच्या आधीच्या दोन ग्राहकांशीही बोला. काम आवडले का, यापेक्षा अडचण आली तेव्हा फोन कोणी उचलला, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

एवढे करूनही दोन कंपन्या तुल्यबळ वाटल्या, तर पहिल्या भेटीत जिने आपल्याला जास्त प्रश्न विचारले, तिला मी काम देईन.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या संस्थापिका एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. फितीसाठी त्यांची मुलाखत ग्रंथालयातच घ्यायची आहे. त्यांना त्रास न होता ती चांगली व्हावी, यासाठी आम्ही काय तयारी करावी?
– एक कार्यवाह

उत्तर : आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण मुलाखत देणाऱ्याच्या सोयीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. पहिली गोष्ट, त्यांना उत्तरे लिहून देऊ नका. पाठ केलेले वाक्य आठवताना नजर वर जाते आणि चेहरा कोरा होतो. फक्त विषय सांगा आणि जुन्या दिवसांतले एखादे छायाचित्र किंवा नोंदवही हाती द्या. हात गुंतले की बोलणे मोकळे होते. युनिटने दीड तास आधी येऊन दिवे आणि कॅमेरे लावून घ्यावेत, त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी बसवून प्रकाश पाहावा, आणि सगळे जुळल्यावरच बाईंना बोलवावे. खुर्ची चाकांची, फिरणारी किंवा करकरणारी नसावी.

ग्रंथालय शांत असते, असे आपल्याला वाटते. कॉलर माइकला तसे वाटत नाही. पंखा, वातानुकूलन यंत्र, पाण्याचा कूलर, शीतकपाट यांची घरघर कानाला सवयीची झालेली असते, पण ध्वनिमुद्रणात ती प्रत्येक शब्दामागे ऐकू येते आणि नंतर पुसायला गेले, तर आवाजाचा पोतच बिघडतो. ही यंत्रे त्या वेळेपुरती बंद ठेवा. अनुभवी ध्वनिमुद्रक शीतकपाट बंद करताना आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवतात, म्हणजे निघताना ते पुन्हा सुरू करायचे विसरत नाही. मुलाखत संपल्यावर सर्वांनी जागच्या जागी गप्प राहून अर्धा मिनिट त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करायची असते. संकलक दोन वाक्यांमधली फट त्या शांततेने भरतो, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कंपनीने हे आपणहून केले, तर माणसे जाणती आहेत, असे समजा.

बारीक रेघांचे कापड टाळा, ते पडद्यावर लहरल्यासारखे दिसते. गळ्यातील माळ माइकवर घासते, तीही पाहून घ्या. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकण्याचा धोका असतो, कारण वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असेल, तर तो प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. त्यावर शटरचा वेग जुळवून घेणे हे छायालेखकाचे काम आहे. आपल्या बाजूने मात्र खोलीत दोनच माणसे असावीत. प्रश्न विचारणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. तीन-चार सेकंद थांबावे. वयस्कर माणसे बरेचदा त्या थांबण्यातच खरी गोष्ट सांगू लागतात.

आणखी एक आग्रह धरा : त्याच संध्याकाळी, मेमरी कार्ड रिकामे करण्यापूर्वी, फुटेजच्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती व्हाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या वास्तूत ठेवली जावी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ज्येष्ठ शिक्षकांची मुलाखत एकाच डिस्कवर ठेवली आणि ती डिस्क बिघडली. सर मोठ्या मनाने पुन्हा बसले, पण पहिल्या वेळी ज्या प्रसंगाशी त्यांचा आवाज भरून आला होता, तो दुसऱ्यांदा त्यांनी दोन वाक्यांत संपवला. ती चूक सर्वस्वी माझी होती आणि ती मला आजही बोचते.

प्रश्न : संपूर्ण फीत सचिवांनी मंजूर केल्यावर ती अध्यक्षांना दाखवली. त्यांनी एक दृश्य काढायला आणि दोन माणसांचे बोलणे वाढवायला सांगितले. कंपनी आता जादा शुल्क मागते आहे. बदल किरकोळ असताना ही अडवणूक नाही का?
– एका प्रशिक्षण संस्थेचे समन्वयक

उत्तर : आपली नाराजी समजते, पण माझ्या मते ही अडवणूक नाही. संकलक आधी कच्ची जुळणी दाखवतो; तिच्यावर चर्चा होऊन दृश्यांचा क्रम आणि लांबी पक्की होते, आणि या टप्प्याला सगळे ‘पिक्चर लॉक’ म्हणतात. त्यानंतरच रंगसंस्कार, पार्श्वसंगीत, आवाजाचे मिश्रण आणि उपशीर्षके ही कामे सुरू होतात, आणि ती सगळी त्या पक्क्या लांबीवर बेतलेली असतात. चौथ्या मिनिटातील बारा सेकंदांचे एक दृश्य काढले, की त्यापुढचे प्रत्येक उपशीर्षक बारा सेकंद मागे आणावे लागते. ज्या शब्दावर संगीत चढायचे, तो शब्द सरकतो, म्हणून संगीत पुन्हा कापावे लागते. दोन्ही बाजूंच्या दृश्यांतील आवाज एकमेकांना नव्याने जोडावे लागतात. आणि मग पूर्ण फितीची अंतिम फाइल पुन्हा तयार करून ती पहिल्यापासून तपासावी लागते. बोलणे वाढवायचे म्हणजे तर न रंगवलेले नवे फुटेज आत येते. कच्च्या जुळणीत हाच बदल अर्ध्या तासाचा होता.

मूळ घोटाळा फितीत नसून आपल्या संस्थेत आहे : अंतिम होकार कोणाचा, हे ठरलेले नव्हते. ज्यांच्या शब्दाला शेवटी मान द्यावाच लागणार, त्यांनी कच्ची जुळणी पाहिलीच पाहिजे, मग ते कितीही व्यग्र असोत. ती पाहताना फिकट रंग, तात्पुरते संगीत आणि आवाजातील चढउतार यांकडे दुर्लक्ष करायचे असते. गोष्ट नीट उलगडते का, कोणी अनावश्यक आहे का, कोणी राहून गेले का, एवढेच पाहायचे. सर्वांच्या सूचना एकाच व्यक्तीने गोळा कराव्यात, परस्परविरोधी सूचनांचा निकाल आपल्यातच लावावा आणि मिनिट-सेकंदासह एकच यादी पाठवावी. ‘जरा अधिक प्रभावी करा’ या सूचनेवर संकलक काहीही करू शकत नाही. ‘३ मिनिटे ४० सेकंदांवर सर बोलू लागण्यापूर्वी क्षणभर शांतता हवी’ यावर तो दोन मिनिटांत काम करतो.

करारात बदलांच्या किती फेऱ्या धरल्या आहेत, ते आता पाहा. दोन लिहिल्या असतील आणि आपण एकच वापरली असेल, तर दुसरी हक्काने मागा. काहीच लिहिले नसेल, तर लागणाऱ्या तासांचा लेखी हिशेब मागून भार वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवा. मात्र नावातील अशुद्धलेखन, चुकीचे पदनाम किंवा आवाजातील दोष ही कंपनीची चूक असेल, तर तिची दुरुस्ती विनाशुल्क व्हायला हवी, अर्थात आपण नावांची यादी बिनचूक दिली असेल तर.

प्रश्न : पैसे आम्ही दिले, मग सर्व मूळ फुटेज आम्हाला का मिळू नये?
– एक उद्योजिका

उत्तर : मिळू शकते, पण ते आधी ठरवावे लागते. पैसे देणाऱ्याकडे मालकी आपोआप जाते, असे गृहीत धरू नका; याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि करारातील शब्दच कामी येतात. तयार फीत, संकलनाची प्रोजेक्ट फाइल (म्हणजे संकलकाने संगणकात केलेल्या जुळणीची फाइल) आणि मूळ फुटेज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतले काय सोपवायचे आणि कंपनीने काय किती काळ जपायचे, हे स्वतंत्रपणे लिहा.

व्यवहाराची बाजूही पाहा. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने मुद्रण केले, तर तासाला सुमारे ४५ गीगाबाइट जागा लागते. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, तर ५४० गीगाबाइट होतात, आणि दोन प्रती ठेवायच्या, तर त्याच्या दुप्पट. म्हणून हार्ड डिस्क आपणच विकत घेऊन द्यावी. मूळ फुटेज बरेचदा मुद्दाम फिकट, करड्या छटेत मुद्रित केलेले असते, जेणेकरून नंतर रंगांना वाव राहावा. ते पाहून चित्रीकरण बिघडले, असा समज करून घेऊ नका. सगळे फुटेज सांभाळणे झेपणार नसेल, तर निदान मुलाखती तरी अखंड मागून घ्या. त्या पुढच्या कामांना उपयोगी पडतात आणि पुन्हा घेता येत नाहीत.

प्रश्न : एक लोकप्रिय गाणे आम्ही रीतसर विकत घेतले आहे. ते फितीत वापरता येईल का?
– एक शिक्षक

उत्तर : नाही. विकत घेतल्याने ऐकण्याचा हक्क मिळतो, चित्राला जोडण्याचा नाही. त्यासाठी गीत आणि चाल यांच्या हक्कधारकांची एक आणि त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची दुसरी, अशा दोन परवानग्या लागतात. कोणा नव्या गायकाकडून गाऊन घेतले, तरी पहिली लागतेच. कंपनीने परवान्याचे तयार संगीत वापरले असेल, तर तो परवाना कोणाच्या नावावर आहे आणि तो फक्त इंटरनेटपुरता आहे का, हे विचारून त्याची प्रत जपून ठेवा.

प्रश्न : मी स्वतः दोन सहकाऱ्यांसह छोटी निर्मिती कंपनी चालवतो. कच्ची जुळणी देऊन तीन महिने झाले, तरी ग्राहक काहीच कळवत नाही, आणि अंतिम मंजुरीशिवाय शेवटचा हप्ता मिळत नाही. काय करावे?
– एक निर्माता

उत्तर : आपण काम केले आहे, तेव्हा संकोच न करता विचारा. पुढच्या करारात हप्ते तीन ठेवा : काम ठरताना, चित्रीकरण संपताना आणि अंतिम फीत सोपवण्यापूर्वी. दाखवण्याच्या प्रतीवर पुसट खूणचिन्ह असू द्या, आणि जुळणी पाठवल्यापासून ठरावीक दिवसांत लेखी सूचना न आल्यास ती मंजूर मानली जाईल व पैसे देय होतील, असे कलम घाला. समजूतदार ग्राहक त्याला हरकत घेत नाही, कारण त्यामुळे त्याच्याही बाजूचे काम वेळेत होते.

सध्याच्या ग्राहकाला मात्र आधी फोन करा, पत्र नंतर लिहा. तीन महिन्यांच्या मौनामागे पुष्कळदा पैसे बुडवण्याचा हेतू नसून आतला मतभेद असतो : दोघांना दोन वेगळ्या फिती हव्या असतात आणि ते आपल्याला सांगायची त्यांना अडचण वाटते. दोघांनाही एकत्र बसवून जुळणी आपल्यासमोर दाखवा, झालेल्या सूचना तेथेच लिहून घ्या, त्यावर त्यांची सही घ्या, आणि उठण्यापूर्वी अंतिम फितीची आणि हप्त्याची तारीख त्याच कागदावर लिहा.