‘निवडक’ इलेक्ट्रोड की ‘पारखी’ इलेक्ट्रोड?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या एका शिक्षकांनी विचारलंय: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्यातलं फ्लोराइड मोजायच्या उपकरणाचा तक्ता लावला, त्यावर ‘आयन-निवडक इलेक्ट्रोड’ असं लिहिलं (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण, इलेक्ट्रोड म्हणजे पाण्यात बुडवून मोजायची कांडी). एका मुलीनं शंका काढली, “सर, निवडक म्हणजे निवडलेलं ना? मग निवडते कोण?” शब्द चुकला का?

मुलीचा कान पक्का आहे. मारक, पाचक, शोषक या संस्कृत शब्दांत ‘क’ लागला की करणारा कळतो. पण निवडक, वेचक, मोजके हे आपले मराठी शब्द उलट चालतात. निवडक कविता म्हणजे निवडलेल्या कविता, कविता निवडणाऱ्या नव्हेत. त्यामुळे ‘आयन-निवडक’ वाचून मराठी माणसाचा गोंधळ होणारच.

मग ‘निवडणारा’ म्हणावं का? मला तेही पटत नाही. सुपात तांदूळ निवडतो तेव्हा खडे बाहेर काढतो. कापूस वेचतो तेव्हा बोंडातून तो हातात येतो. इलेक्ट्रोड पाण्यातून काहीच काढून घेत नाही. त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाची चकती बसवलेली असते. त्या स्फटिकातून फ्लोराइड आयनच सरकू शकतात, क्लोराइड किंवा नायट्रेट नाही. पाण्यात फ्लोराइड किती, त्यावर चकतीच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब ठरतो. प्रमाण दसपट बदललं की २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. पाणी तसंच राहतं, फक्त ओळख पटते.

ओळख पटवणाऱ्याला आपल्याकडे शब्द आहे: पारखी. रत्नपारखी हा समास तयारच आहे. बैलबाजारात दात बघून, खांद्यावर हात फिरवून बैल पारखणारा माणूस बैल घेऊन जात नाही, तो कसा आहे ते सांगतो. म्हणून मी ‘आयनपारखी’ सुचवीन, आणि तुमच्या तक्त्यापुरतं तर सरळ ‘फ्लोराइडपारखी’.

या शब्दाची गरज तुमच्या भागात जास्त आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, पाणी खारं की गोडं हे जीभच सांगते. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांतल्या हापशीचं पाणी चवीला गोडं लागतं आणि लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे मात्र उमटतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. एवढं जिभेला कळत नाही. तिथे पारखीच लागतो.

पारखीही फसतो, हे मुलांना जरूर सांगा. हायड्रॉक्साइड आयनाचा आकार आणि विद्युतभार फ्लोराइडसारखाच, त्यामुळे पाणी फार अल्कधर्मी असलं तर इलेक्ट्रोड त्यालाही फ्लोराइड समजतो. म्हणून मोजण्याआधी नमुन्यात बफर (सामू स्थिर ठेवणारं) द्रावण घालून सामू, म्हणजे pH, पाच-साडेपाचच्या आसपास आणतात. त्याच द्रावणामुळे ॲल्युमिनिअम आणि लोहाने धरून ठेवलेलं फ्लोराइडही मोकळं होतं.

तक्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फ्लोराइडपारखी इलेक्ट्रोड’ लिहा आणि खाली कंसात ‘आयन-निवडक’ असू द्या. पुढच्या वर्गात मुलांना तोच शब्द भेटेल.