गोव्यातली ‘कडी’, आपली ‘कढी’ आणि हॉटेलातली ‘करी’ एकच का? ‘करी’ हा शब्द इंग्रजांनी तयार केला, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 साली. त्याच्या कितीतरी आधी, 1563 मध्ये, इथेच गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या पुस्तकात हा शब्द ‘कारिल’ म्हणून आलाय. ओर्ता पोर्तुगीज वैद्य. नारळाबद्दल लिहिताना, इथले लोक कोंबडी आणि मांस घालून जे कालवण करतात त्याला कारिल म्हणतात, असं तो सांगतो. पोर्तुगीजांनी शब्द उचलला दक्षिणेतून. तमिळ-मल्याळममध्ये ‘कऱि’ म्हणजे भाताबरोबरचं तोंडीलावणं. आज तमिळमध्ये मटणालाही कऱि म्हणतात आणि जुन्या संगम साहित्यात तर त्याचा अर्थ चक्क मिरी असा आहे.

मला स्वतःला ओर्तापेक्षा लिन्सखोटेन जास्त आवडतो. हा डच माणूस 1583 मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत काही वर्षं राहिला. तो लिहितो, की इथे मासे बहुतेक भाताबरोबर खातात, भातावर त्यांचा रस्सा ओततात, तो कच्च्या द्राक्षांसारखा जरा आंबट असतो पण चवीला छान, त्याला कारिल म्हणतात आणि हेच त्यांचं रोजचं जेवण. आता सांगा, हे हुमण, म्हणजे आमचं माशांचं आंबट कालवण, नाही तर काय? बिचाऱ्याला सोलां (आमसुलं) ठाऊक नसावीत, म्हणून द्राक्षं आठवली.

आता कढी. ती संस्कृत ‘क्वथ्’पासून, म्हणजे कढणे, उकळणे. काढा त्याच घरातला. म्हणून देशावर ताक-बेसनाची ती कढी. गोव्यात मात्र ‘ढ’चा ‘ड’ झाला आणि अर्थही पसरला. भातावर घ्यायचं पातळ ते सगळं कडी: नुस्त्याची (म्हणजे माशांची) कडी, सोलकडी. ‘करी’शी उच्चार जुळतो म्हणून दोन्ही एकच, असं बरेच जण ठोकून देतात; मला ते पटत नाही. एक कढण्यातून आली, दुसरी द्राविडी ‘कऱि’तून. गोव्याच्या ताटात दोघी शेजारी बसल्या, इतकंच.

घरी आम्ही ‘करी’ कधीच म्हणत नाही. नारळ, सुक्या मिरच्या, धणे, हळद बारीक वाटायची, सोलां टाकायची, बांगडा असेल तर तिरफळं ठेचून, की झालं हुमण. तिरफळाशिवाय बांगड्याचं हुमण माझ्या मते करूच नये. सुंगटांचं (कोळंबीचं), कांदा घालून केलेलं बहुतेक घरांत ‘आंबट’ होतं. कढीपत्ता यात कुठेच नाही. खाणावळीच्या पाटीवर ‘फिश करी राईस’ असतं खरं, पण पानावर बसलेला माणूस हाक मारतो ती ‘आनीक मात्शी कडी घाल’ (आणखी थोडी कडी वाढ) अशीच.

इंग्रजांनी काय केलं? शब्द सगळ्या हिंदुस्थानच्या रश्श्यांना लावला आणि पुढे डब्यात भरून करी पावडर म्हणून विकला. 1747 च्या हॅना ग्लासच्या पाकपुस्तकात ‘करी’ आहे: कोंबडी किंवा ससा, मिरी आणि स्वच्छ फावड्यावर भाजलेले धणे. फावड्यावर! पोर्तुगालमध्ये अजूनही ‘कारिल’च चालतं.

गोव्यात आलात तर ‘कालची कडी’ मात्र चुकवू नका. रात्रीची उरलेली कडी सकाळी मंद आचेवर आटवतात, दाट झाली की गरम पावाबरोबर. हॉटेलात सहसा मिळत नाही, कुणाच्या तरी घरीच जावं लागेल.