पेपर छापून आलाय म्हणजे खरंच असेल ना?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझा मुलगा ३१ वर्षांचा, मालवा मिलकडे मोबाइलचं दुकान आहे, कॉलेजपासून सुपारीचे पाउच खातोय. आता पोह्यावरची सेवसुद्धा झोंबते म्हणतो आणि पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. डॉक्टरांनी गालात इंजेक्शनं सुरू केलीयत, तोंड उघडायचा व्यायामही दिलाय. माझ्या भाच्याने एका रिसर्च पेपरचा फोटो पाठवला, एक जेल लावलं की महिन्याभरात तोंड उघडतं असं त्यात आहे, इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापलंय म्हणे. मग इंजेक्शनं थांबवून जेल आणू का? आणि मुलगा म्हणतो, मी तंबाखू कुठे खातो, नुसती सुपारी तर खातो.
— एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : काकू, इंजेक्शनं अजिबात थांबवू नका, आणि आज घरी आला की पहिलं काम म्हणजे त्याला आरशासमोर उभं करा आणि त्याची स्वतःची तीन बोटं, एकाखाली एक धरून, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. दोनच जात असतील तर तसं लिहून ठेवा, तारीख टाकून. डॉक्टर मिलिमीटरमध्ये मोजतात पण घरी बोटं पुरतात. गालाच्या आतली कातडी पांढरट पडलेली दिसेल आणि बोट फिरवलं तर आत ताणलेल्या सुतळीसारखे पट्टे हाताला लागतील, त्या पट्ट्यांमुळेच तोंड उघडत नाही. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि याचं मुख्य कारण सुपारीच आहे, तंबाखू नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. आपल्या मध्य प्रदेशात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, देशात सगळ्यात आधी, पण पानमसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी अशा दोन पुड्या टपरीवर लटकायला लागल्या आणि पोरांना वाटतं की तंबाखूची पुडी नाही घेतली म्हणजे आपण सुटलो. तो सुटलेला नाही, त्याला हे स्पष्ट सांगा.

आता तो पेपर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिलं पानच आहे, नाव आणि सारांश, आणि मला जे वाचायचं असतं ते पुढच्या पानांवर असतं. किती पेशंट होते, जेल न लावणारा दुसरा गट होता का, तोंड किती उघडतं हे मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे ते माहीत होतं का, किती महिने पाठपुरावा केला, आणि जेल कोणी पुरवलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या पेशंटनी त्याच महिन्यात सुपारी सोडली होती का आणि व्यायाम चालू होता का, कारण तसं असेल तर थोडंफार उघडलेल्या तोंडाचं श्रेय जेलला कसं द्यायचं? भाच्याला सांगा पूर्ण पेपर पाठव, मी वाचीन.

एक खरा आकडा सांगते. केरळच्या एर्नाकुलममध्ये या आजाराचे ६६ पेशंट १७ वर्षं बघत राहिले, त्यातल्या ७.६ टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला, हा पेपर १९८५ चा. ७.६ टक्के म्हणजे ६६ पैकी पाच जण. संख्या लहान आहे म्हणून हा आकडा दगडावरची रेघ नाही, पण १७ वर्षं त्याच माणसांना परत परत बोलावून तोंड बघणं म्हणजे काय कष्ट असतील, म्हणून मी त्याला मान देते. तुमच्या मुलासाठी यातून एवढंच घ्या की पट्टे सैल झाले तरी तपासणी सोडायची नाही. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा लाल-पांढरा चट्टा दिसला तर थेट एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजची ओपीडी गाठा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

प्रश्न : मॅम, मी एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करतेय. थीसिसवरून पेपर काढायचाय आणि रोज मेल येतात, ‘डिअर एमिनंट प्रोफेसर, सात दिवसांत पब्लिश, फी भरा.’ सीनियर म्हणतात टाकून दे, कोण वाचतं. घरच्यांनाही वाटतं एकदाचं नाव छापून येऊ दे. खरंच एवढा फरक पडतो का?
— एक विद्यार्थिनी, विजयनगर, इंदूर

उत्तर : पडतो गं, खूप पडतो, आणि वरचं काकूंचं पत्र वाचलंस तर कोण वाचतं याचं उत्तर तिथेच आहे. भाचा वाचतो, आईला पाठवतो, आणि आई इंजेक्शन थांबवायला निघते.

सात दिवसांत कोणी तपासणार कसं? दुसऱ्या तज्ज्ञांनी वाचायचं, शंका काढायच्या, तू उत्तरं द्यायची, परत त्यांनी बघायचं, याला महिने लागतात. फिनलंडच्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये अंदाज मांडला होता की अशा फसव्या जर्नलांमधले लेख २०१० मधल्या ५३ हजारांवरून २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेले, आणि लेखकांपैकी तीन चतुर्थांश आशिया-आफ्रिकेतले. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे २०१८ मध्ये आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून ४३०५ जर्नलं काढली, मग केअर नावाची नवी यादी आणली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे आता यादी बघून डोळे मिटायची सोय राहिली नाही, तुलाच बघायला लागणार. संपादक मंडळावरच्या दोन-तीन जणांना त्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावर मेल टाकून विचार की तुम्ही खरंच तिथे आहात का. जुन्या अंकातले दोन पेपर पूर्ण वाच. जर्नल पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, आहे असं ते म्हणत असतील तर पबमेडवर जाऊन स्वतः शोध. फी घेणं हा गुन्हा नाही, चांगली, सगळ्यांना फुकट वाचता येणारी ओपन अॅक्सेस जर्नलंही घेतात, पण ती स्वीकारायच्या आधी पैशाची घाई करत नाहीत.

आणि मोठं नाव असलं म्हणजे झालं असंही नको धरूस. २००५ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये तोंडाच्या कॅन्सरवरचे दोन पेपर आले. एक नॉर्वेच्या योन सुडबोचा, वेदनाशामक गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो असा. ९०८ माणसं, आणि ती सगळी त्याने मनातून तयार केली होती, त्यातल्या २५० जणांची तर जन्मतारीखही एकच. ज्या डेटाबेसमधून माहिती घेतली म्हणाला तो तेव्हा उघडलाच नव्हता, हे नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या कॅमिला स्टोल्टेनबर्ग यांच्या लक्षात आलं आणि २००६ मध्ये पेपर मागे घेतला गेला. जर्नलच्या तज्ज्ञांना जन्मतारखा दिसल्या नाहीत कारण कच्चा डेटा त्यांच्यासमोर नव्हताच.

दुसरा आपल्या तिरुवनंतपुरमचा. १९९६ पासून १३ पंचायती, जवळजवळ १ लाख ९२ हजार माणसं, त्यातल्या सात पंचायतींत प्रशिक्षण दिलेले आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन तोंड उघडायला लावून नुसत्या डोळ्यांनी बघत होते, बाकीच्या सहा तुलनेसाठी. तपासणी झालेल्या पंचायतींत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, आणि सगळे लोक एकत्र धरले तर ठाम फरक दिसत नाही हेही त्यांनी तिथेच लिहिलं. मला हा पेपर फार आवडतो, त्यातलं साधन म्हणजे टॉर्च आणि नजर, तू उद्या तुझ्या ओपीडीत तेच करू शकतेस.

तुझ्या थीसिसमध्ये जे पेशंट आहेत त्यांनी संमतीपत्रावर सही केलीय, कित्येकांनी अंगठा दिला असेल, देपालपूर-सांवेरहून बस पकडून दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा आले असतील. त्यांचे आकडे जिथे कोणी तपासत नाही तिथे टाकणं मला पटत नाही. निकाल ‘काही फरक पडला नाही’ असा आला असेल तरी तसाच पाठव. गाइड घाई करत असतील तर त्यांना हेच, शांतपणे, लेखी विचार की सर, या जर्नलचं परीक्षण कोण करतं.

प्रश्न : मला १२ वर्षांपासून डायबिटीस. हिरड्यांतून रक्त येतं. दाताचे डॉक्टर म्हणतात खोल क्लीनिंग केलं तर शुगरही उतरेल. हे खरं की धंदा?
— एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर

उत्तर : सर, खरं आहे, पण किती ते बघा. कॉक्रेन या संशोधनाचे आढावे काढणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र केले, हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) सरासरी ०.४३ टक्के-अंकांनी कमी झालं. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नव्हता, त्यावर बरीच भांडणं झाली, की हिरड्या नीट बऱ्याच झाल्या नव्हत्या तर शुगर कशी उतरेल. म्हणून मी म्हणते क्लीनिंग करून घ्या, हिरड्यांसाठी तर हवंच आहे, शुगर उतरली तर फायदा. औषध मात्र आपल्या मनाने कमी करू नका. जाताना नाश्ता करून, गोळी घेऊन, चालू औषधांची यादी खिशात ठेवून जा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधीच सांगा, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करून तो रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांना दाखवा.