सोप्यातून आत जा

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझ्या कवीवरच्या पुस्तकातलं प्रकरण वाचलं. कवीच्या नोकऱ्या, सीमाभागातली संमेलनं, सत्कार, सगळं जागच्या जागी आहे. बायको मात्र एकदाच येते, 'सौभाग्यवतींची मोलाची साथ लाभली' एवढ्यापुरती. हे वाक्य मीही लिहिलंय, म्हणून लगेच खुपलं.

खानापूरकडच्या एका मास्तर-कवींवर पुस्तिका करताना मी त्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, तीन दिवस बसलो होतो. काकू चहा ठेवायच्या नि आत जायच्या. कवितांच्या वहीत अक्षरं दोन. मास्तरांचं तिरकं, दुसरं गोल, 'ळ'ला भलीमोठी गाठ. एका ओळीत मास्तरांचा 'पाऊस' खोडून वर गोल अक्षरात 'मिरग', म्हणजे मृगाचा पाऊस, असं लिहिलेलं. छापील पुस्तकात मिरगच आहे. हे कुणी केलं, म्हणून विचारलं.

"मीच की. त्यात काय सांगायचंय? चहा गार होतोय."

मी चहा प्यालो! आता काकू नाहीत आणि वही कुठं गेली ते घरच्यांनाही ठाऊक नाही.

कवयित्री इंदिरा संत तर आपल्या गावातल्याच. १९४० चा 'सहवास' हा त्यांचे पती ना. मा. संत आणि त्या, दोघांचा संग्रह. १९४६ ला ना. मा. गेले, १९५१ ला 'शेला' आला, आणि तिथून बाईंची कविता म्हणजे विरह, असं आपण ठरवूनच टाकलं. त्या इथं शिक्षिकांना घडवत होत्या, घर चालवत होत्या. त्या दिवसांचं कवितेत काय उतरलं, हे फार थोड्यांनी पाहिलं. कथाकार जी. ए. कुलकर्णींचंही तसंच. धारवाडचा एकांत सगळे सांगतात, पण त्या घरात बहिणी होत्या. त्यांतल्या नंदा पैठणकरांनी जी.एं.वर 'प्रिय बाबुआण्णा' लिहिलं तेव्हा कुठं घरातला माणूस दिसला. सुनीता देशपांडे यांना जी.एं.नी लिहिलेली पत्रं वाचशील, तर सुनीताबाईंचीही शेजारी ठेव. उत्तर कशाला दिलंय ते त्याशिवाय कळत नाही.

बाईचं माहेरचं नाव आधी विचार. लग्नाआधीची वही, शाळेचा दाखला त्याच नावानं सापडतो. लेकीला, नणंदेलाही भेट.

रविवारी तुझ्या कवीच्या घरी जाशील तेव्हा टेपरेकॉर्डर वगैरे राहू दे, भाकरीच्या वेळेला जा. त्यांच्या बायकोचं, आजींचं, माहेर हुक्केरीकडचं, असं तूच म्हणालास. बोलता बोलता कन्नडवर गेल्या तर माझ्यासारखी नुसती मान डोलवू नकोस, लिहून घे. आणि वही बघायला मिळाली तर 'ळ' बघ.

तुझा,
सर