नवख्यांना आधी खाली राहायला शिकवा

सरांनी ब्राझिलियन जिउ-जित्सूचा नवख्यांचा वर्ग तुमच्याकडे सोपवलाय, तुम्ही ब्लू बेल्ट, म्हणजे पांढऱ्याच्या पुढच्या पट्ट्याचे आहात, आणि पहिल्या महिन्यात शिकवायला वीस डावांची यादी मागताय. मी पुण्यात नऊ वर्षं हाच वर्ग घेतोय, आठवड्यातून तीन संध्याकाळी. वीस नकोत, चार पुरेत. त्यातले तीन सुटकेचे असू द्या.

डाव आठवत नाहीत म्हणून नवा माणूस क्लास सोडत नाही. कोणीतरी छातीवर बसतं, श्वास कोंडतो, काय करायचं ते सुचत नाही, आणि त्या रात्री घरी जाताना तो ठरवून टाकतो की हे आपलं काम नाही. शाळेतल्या मारामाऱ्या संपल्या की आपल्याला कोणी अंगाखाली दाबून धरलेलं नसतं. पस्तिशीच्या माणसाला तो अनुभव एकदम नवा असतो, आणि भीती खरी असते. म्हणून माझा पहिला तास माउंटने सुरू होतो. एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने पोटावर बसायचं, वजन टाकायचं, बाकी काही नाही. तीस सेकंद. खालच्याचं काम एवढंच की कोपरं बरगड्यांना चिकटवायची आणि श्वास घेत राहायचा. मी शेजारी बसून त्याला विचारतो, दुपारी काय जेवलात? उत्तर आलं म्हणजे श्वास चालू आहे. नुसतीच मान हलली, तर जोडीदाराला थोडं वजन उचलायला सांगतो.

मग पहिली सुटका. वरच्याचा एक हात धरून ठेवायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडवायचा, कंबर उचलायची आणि त्या खांद्यावरून पलटायचं. नव्वद टक्के लोक सरळ वर उसळतात आणि परत खाली आदळतात. त्यांना कंबरेबद्दल काही सांगू नका. ‘त्या खांद्याच्या मागची भिंत बघा’ एवढंच सांगा, अंग आपोआप तिकडे वळतं. दुसरी सुटका कोपर-गुडघ्याची. तिच्या हालचालीला श्रिंप म्हणतात, कारण अंग कोळंबीसारखं मुडपतं. बहुतेक क्लासमध्ये वॉर्मअपला सगळे मॅटभर श्रिंप करत जातात आणि कशासाठी ते कोणालाच माहीत नसतं. तुम्ही उलटं करा. आधी माणसाखाली शिकवा, वॉर्मअपमध्ये नंतर आणा. तिसरी सुटका साइड कंट्रोलमधून, म्हणजे समोरचा बाजूने छातीवर आडवा पडून दाबतो तिथून, त्याच्या गळ्याशी आणि कमरेशी हातांचा टेकू, म्हणजे फ्रेम लावून. चौथा क्लोज्ड गार्ड, म्हणजे पाठीवर पडून समोरच्याची कंबर दोन्ही पायांत अडकवणं: नुसता धरून ठेवायचा, समोरच्याचा तोल पुढे ओढायचा, जमला तर एक स्वीप, म्हणजे खालून त्याला पलटवून वर येणं.

गार्डपाशी जरा थांबा, कारण तुमच्याकडे तालमीतली पोरं येणारच. ती ताकदीची, तोल पक्का, एकेरी पट असा काढतात की बघत राहावं. पण वीस वर्षं अंगात भिनलेलं असतं की पाठ टेकली म्हणजे कुस्ती गेली. त्यामुळे खाली पडली की ती झटकन पालथी होतात. कुस्तीत ते शहाणपण आहे. इथे मात्र समोरच्याला पाठ मिळते, स्पर्धेत त्याचे चार गुण होतात, आणि पाठोपाठ गळा आवळला जातो. त्यांना ‘चुकलं’ म्हणू नका. वस्तादांनी शिकवलेलं त्यांच्या नियमांत बरोबरच आहे. पाठीवर असूनही लढता येतं हे पटायला त्यांना दोन-तीन महिने लागतात. तेवढे द्या.

आता टॅप, म्हणजे थोपटून ‘सोड’ असं सांगणं. इथे मी स्वतः चुकलो आहे. दुसऱ्याच वर्षी एका कॉलेजच्या मुलाला मी दुसऱ्या आठवड्यात मोकळा रोल, म्हणजे सरावाची खुली झुंज, करू दिला, समोर त्याच्याहून तीस किलो जड माणूस. आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारी पकड, लागला. मुलाने टॅप केला नाही, दात आवळून पडून राहिला. कोपरातून आवाज आला. दीड महिना हात गळ्यात, आणि तो परत आला नाही. त्याला टॅप माहीत होता, मी पहिल्या दिवशी सांगितला होता. पण करून घेतला नव्हता, आणि त्याच्या मनात टॅप म्हणजे शरण जाणं होतं. तेव्हापासून पहिल्या तासाला प्रत्येक जण दहा वेळा टॅप करतो: हाताने समोरच्याच्या अंगावर, हात अडकले तर पायाने मॅटवर, आणि तोंडाने मोठ्याने. तितकंच महत्त्वाचं, समोरचा त्याच क्षणी सोडायला शिकतो.

इतिहासातली एकच गोष्ट मी नवख्यांना सांगतो. 1951 साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी जुदोपटू मासाहिको किमुराने ब्राझीलच्या जिउ-जित्सूचा उस्ताद हेलिओ ग्रेसी याचा हात पिळला. हेलिओने टॅप केला नाही, शेवटी भाऊ कार्लोसने टॉवेल टाकला. त्या पकडीला आज जगभर किमुरा म्हणतात. लोक ही शौर्यकथा म्हणून सांगतात. मी सांगतो की तिथेही कोणाला तरी थांबवावं लागलं, आणि तुमच्यासाठी टॉवेल टाकायला इथे भाऊ बसलेला नाही.

या चारांखेरीज चोक, म्हणजे गळा आवळणं, महिन्याच्या शेवटी, एकच, मागून. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, त्याआधी दुखेलच असं नाही, हे स्पष्ट सांगा.

मोकळा रोल पहिले तीन आठवडे नको. त्याऐवजी ठरलेल्या स्थितीतून एकेक मिनिटाच्या झुंजी: माउंटमधून सुरू, सुटला की पुन्हा तिथूनच. यात खरा प्रतिकार असतो, पण आदळआपट नसते. उडी मारून गार्ड घेणं आणि हील हुक, म्हणजे टाच धरून पाय पिळणं, पूर्ण बंद. पांढऱ्या पट्ट्याला, म्हणजे नवख्यांना, जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या स्पर्धांतही दोन्हींना बंदी आहे.

बायका-मुली वर्गात असतील तर जोडी कोणाशी लावायची ते त्यांना आधी, एकेकीला वेगळं विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की त्या ‘चालेल’ म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात दिसत नाहीत. अंगठी, कडं, चमकी, गळ्यातला दोरा, सगळं मॅटबाहेर. मंगळसूत्र काढायला काही जणींना जड जातं. मी झाकणाचा एक डबा ठेवलाय, तो माझ्या बायकोच्या ताब्यात असतो, ती याच वर्गात शिकते. त्यामुळे तो प्रश्न सुटला.

आणि तुम्ही जूनमध्ये सुरू करताय, म्हणून हे. पावसाळ्यात गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, दोन दिवस वाळत नाही, लोक ओलसरच घालून येतात, आणि एकाचा नायटा पंधरा दिवसांत सहा जणांना होतो. दोन गी नसतील तर त्या दिवशी स्वच्छ टी-शर्टवर येऊ द्या. अंगावर गोल चट्टा दिसला तर त्याला बाजूला घेऊन सांगा, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि बरा होईपर्यंत मॅटवर घेऊ नका, कितीही जवळचा असला तरी. मॅट रोज रात्री पुसायची. पहिला महिना तुम्ही स्वतः पुसा, दुसऱ्या महिन्यात मुलं हातातून फडकं काढून घेतात.